तांबडं फडकं आणि सुभद्राबाई

बाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी कूलरमध्ये बादलीनं पाणी ओतत होतो. फोन वंदनाचा, म्हणजे बाईंच्या मुलीचा. ती म्हणाली, "काका, आई गेली सकाळी." आणि मी म्हणालो, "बरं बरं." उभा जन्म कापडाच्या दुकानात काढलेल्या माणसाच्या तोंडून हे शब्द आपोआप निघतात. गिऱ्हाईक म्हणालं, नंतर येऊन नेतो, की बरं बरं. रंग पसंत नाही, बरं बरं. मी बादली तशीच ओतत राहिलो, आणि कूलर भरून पाणी माझ्या पायांवरून घरभर पसरायला लागलं. पण माझा खरा गुन्हा ते शब्द नव्हे. त्या क्षणी मला जे वाटलं ते दुःख नव्हतं. मला सुटल्यासारखं वाटलं... माझ्याबद्दलची एक गोष्ट या जगात दोनच माणसांना माहीत होती, एक बाई आणि एक मी. त्यातलं एक माणूस आता बोलणार नव्हतं. आणि हे आपल्याला वाटलं हे कळल्यावर स्वतःचीच अशी धास्ती बसली की मी त्या ओल्या फरशीवर फतकल मारून बसलो. आमच्या सौभाग्यवती आतून धावत आल्या. त्यांना वाटलं, पाय सटकला. मी ते तसंच वाटू दिलं.

सुभद्राबाई कोण, हे वाचकांना माहीत असायचं कारण नाही. नांदेडात वजिराबादेत ज्यांनी लेकीबाळींचे बस्ते बांधले असतील त्यांच्यातल्या काहींना कपाळाला बारीक टिकली, नाकात काही नाही आणि आवाजात घाई नाही अशी एक सावळी बाई काउंटरमागं आठवेल. मी त्यांच्या हाताखाली एकोणीस वर्षं होतो. त्याआधी थोडा काळ त्यांच्याबरोबर लातुरात होतो. सांगायची गोष्ट त्या थोड्या काळातली आहे.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. त्याआधी कुठल्याही कागदासाठी उस्मानाबादची एसटी पकडावी लागायची. आता कलेक्टर आले, त्यांच्यामागं साहेब आले, साहेबांमागं जीपगाड्या आल्या आणि जीपगाड्यांतून साहेबांच्या बायका गंजगोलाईच्या बाजारात उतरायला लागल्या. आमचे मालक, ज्यांना सगळे अप्पा म्हणायचे, त्यांनी ते बरोबर हेरलं. पिढ्यान्‌पिढ्यांची पांढरी गादी एका रविवारी उचलून माळ्यावर टाकली आणि काचेचे काउंटर आणले. गादीवर आम्ही मांडी घालून माल दाखवायचो. काउंटरमागं सकाळी दहापासून दिवेलागणीनंतरपर्यंत उभं राहायचं आलं. बसायला स्टूल मागितलं तर अप्पा हळू आवाजात म्हणायचे, "साहेबांच्या बायका आल्यावर बसून बोलणार काय?" अप्पा कधीच मोठ्यानं बोलायचे नाहीत. शिवी तर त्यांच्या तोंडी मी ऐकलीच नाही. दुकानाची पायरी चढताना ते एकदा खाकरायचे, बस. त्या खाकरण्यानं आम्हा सातही जणांच्या पाठीचा कणा ताठ व्हायचा.

कारण होतं ते फडकं. गाठोडी बांधायच्या तांबड्या जाडसर कापडाचा हातभर तुकडा, दारातून दिसेल अशा खिळ्याला टांगलेला. गिऱ्हाईक काही न घेता बाहेर पडलं, की ज्यानं माल दाखवला त्याच्याकडं बघून अप्पा नुसतं नाव घ्यायचे आणि म्हणायचे, "फडकं." मग त्यानं ते आणून खांद्यावर टाकायचं आणि विक्री होईपर्यंत तसंच वावरायचं. बाजारातल्या प्रत्येकाला त्याचा अर्थ माहीत. समोरचा भांडेवाला हाक मारून विचारायचा, "काय दिगांबर, आज तू नवरदेव का?" विक्री न होता दुकान बंद झालं तर फडकं घरी न्यायचं आणि सकाळी तेच खांद्यावर घेऊन यायचं. अप्पांचं म्हणणं, लाज वाटली की माणूस विकतो.

मी माणूस म्हणून कसा होतो ते थोडक्यात सांगतो. पहिल्याच दिवशी ताका उलगडताना तो माझ्या हातून असा सुटला की उलगडत उलगडत दुकानाबाहेर गेला आणि गोलाईत बैलगाडीखाली जाऊन थांबला. तहसीलदारांच्या बायकोला मी अत्यंत आदरानं सांगितलं की हा रंग तुमच्या वयाला चांगला झाकतो. एका म्हाताऱ्याला धोतरजोडीऐवजी परकराचं कापड फाडून दिलं, आणि गंमत म्हणजे तो घेऊन गेला. तेव्हा फडकं माझ्या खांद्यावर इतकं असायचं की आईला वाटलं, दुकानानं आपल्या लेकाला गणवेश दिला. तिनं ते कौतुकानं धुतलं. त्याचा रंग माझ्या एकुलत्या एका पांढऱ्या सदऱ्याला लागला आणि मी फडकं नसतानाही वर्षभर फडक्यातलाच दिसलो.

हे आज सांगताना मजा येते. तेव्हा नाही यायची. भीतीला एक वास असतो आणि गिऱ्हाईकाला तो येतो. आम्ही नको इतकं बोलायचो, बाया अंग चोरून मागं सरकायच्या आणि निघून जायच्या. मग पुन्हा फडकं. आपलं गिऱ्हाईक जाऊ नये म्हणून आम्ही दुसऱ्याचं ओढायचो. वरच्या फळीवरचा ताका काढून द्यायला कुणी कुणाला हात द्यायचा नाही. आणि माणसं जायची. एक महिना, दोन महिने, की गेला. आमच्यातला सगळ्यात चांगला विकणारा देगलूरचा सलीम. मराठी, तेलुगू, उर्दू, तिन्हींत गिऱ्हाईकाला हसवायचा. एका दुपारी फडकं खांद्यावर घेऊन तो चहाला म्हणून गेला. तासाभरानं मला बघायला पाठवलं. टपरीच्या खिळ्याला फडकं व्यवस्थित टांगलेलं होतं. सलीम नव्हता. अप्पा स्वतः येऊन फडकं घेऊन गेले. "माणूस मिळतो नवा," म्हणाले.

साहेबांच्या बायका पुरुषांकडून साडी अंगावर लावून बघत नाहीत, म्हणून अप्पांनी एक बाई ठेवायचं ठरवलं. अशा सुभद्राबाई आल्या. अहमदपूरकडच्या. नवरा पंचायत समितीत शिपाई होता, तो वारलेला. सातवी शिकलेल्या, घरी एक लेक, तिची शाळा. त्या स्वतःच्या पाण्याची बाटली घरून आणायच्या, दुकानातल्या माठाला हात लावायच्या नाहीत. का ते मी विचारलं नाही. सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच विचारलं नाही.

त्यांना पहिल्यांदा फडकं मिळालं तो दिवस मला आठवतो, कारण दुकान एकदम शांत झालं. पुरुषाच्या खांद्यावर फडकं म्हणजे निदान लांबून टॉवेल दिसतो. बाईनं ते पदरावर घ्यायचं... त्यांनी घेतलं. पुढच्या गिऱ्हाईकाला विक्री केली, फडक्याची चार पदरी घडी घातली आणि खिळ्याला टांगलं. चेहऱ्यावर काही नाही. मला वाटलं, या बाईला भीती नावाची गोष्ट माहीत नाही. मग एकदा मागच्या खोलीत डबा खाताना पाहिलं, त्यांच्या डाव्या मुठीत कायम एक कोरडा रुमाल असायचा. मी चेष्टेनं म्हणालो, "बाई, सर्दी झाली का वर्षाची?"

"घाम येतो रे हाताला," त्या म्हणाल्या. "रेशमावर डाग पडंल म्हणून धरते."

"तुम्हाला? तुम्ही भेता?"

"मग! पोरगी हाय घरी, ही नोकरी गेली तर हिची शाळा गेली." आणि भाकरी मोडता मोडता हसल्या. "तू एकटाच भितोस असं वाटून राहिलं व्हय तुला?"

त्याच खोलीत, त्याच भाकरीवर, मी त्यांना विचारलं होतं की आपल्याकडं माणसं टिकत का नाहीत. मला वाटलं, पगाराचं काहीतरी बोलतील. त्या बोलल्या बहात्तरच्या दुष्काळातल्या खडीचं. तेव्हा त्या ऐन तरुण, हातोडी घेऊन रस्त्याच्या कामावर. "मजुरी सगळीकडं सारखीच," त्या म्हणाल्या. "दगूड बी तोच, ऊन बी तेच. पण एका कामावर मुकादम ढीग मोजायला आला की कमी भरलेल्या ढिगावर चुना फेकायचा. सगळ्यांनी बघावं म्हणून. त्या कामावरच्या टोळ्या आठ दिवस टिकायच्या न्हाईत. कोसभर लांबच्या कामावर जायच्या. लांब चालायच्या रे, उपाशी पोटी. तिथला मुकादम कमी भरलं तर म्हणायचा, बसा घटकाभर, पाणी प्या, मग भरा. एवढंच. माणूस भुकंनं जात न्हाई कामावरनं. चुन्यानं जातंय." मी म्हणालो, "चटणी आहे का अजून?"

आणि मग पावसानं पाठ फिरवली. एक वर्ष, मग दुसरं. नव्या जिल्ह्याच्या नव्या रस्त्यांवरून पाण्याचे टँकर फिरायला लागले. गावाकडच्या बाया दुकानात यायच्या त्या पंख्याखाली दोन मिनिटं उभं राहायला. साडीवरून हात फिरवायच्या, भाव विचारायच्या, निघून जायच्या. त्यांचा काय दोष! पण अप्पांच्या हिशेबी तेही रिकामं गेलेलं गिऱ्हाईक. फडकं दिवसातून दहा खांदे फिरायला लागलं. माणसं इतक्या वेगानं सोडून जायला लागली की मी नवी नावं लक्षात ठेवणंच बंद केलं. राहिलेले राहिले ते बाईंमुळं. कुणाला फडकं मिळालं की त्या काही बोलायच्या नाहीत. फक्त आपलं पुढचं गिऱ्हाईक त्याच्याकडं पाठवायच्या. "त्यांच्याकडं छान माल हाय बघा." म्हणजे त्याची विक्री व्हावी आणि फडकं उतरावं.

चैत्राच्या पुनवेला अप्पा घरच्यांना घेऊन माहूरला निघाले. चार दिवस. जाताना किल्ल्या माझ्या हातात दिल्या. मी म्हणालो, "अप्पा, मी? माझ्याहून जुने आहेत." अप्पा हळू आवाजात म्हणाले, "तू भितोस. म्हणून तुझ्यावर भरोसा. फडक्याचा नियम मोडू देऊ नको." मला अभिमान वाटला. हे कबूल करताना आजही कान तापतात, पण वाटला.

अप्पांची जीप गेली आणि तासाभरात एकाचं गिऱ्हाईक रिकामं गेलं. सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. "फडकं" हा शब्द घशात आला आणि तिथंच बसला. बाई माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "ड्रावरात टाक ते. चार दिसांनी काढ. देवाला गेलेल्या माणसाला काय दिसतंय!"

"त्यांना कळलं तर?"

"कोण सांगंल? आपण सातजण. सातजणांच्या तोंडाला मी पहारा देते."

मी फडकं ड्रावरात टाकलं. घाईत ड्रावर दोनदा अडकलं. आणि मग ते अडीच दिवस... काय सांगू! दुकान तेच, दुष्काळ तोच. पण कुणीतरी गुणगुणायला लागलं. कुणीतरी माळ्यावरून जुन्या गादीचा तुकडा आणला आणि आळीपाळीनं टेकायला लागले. वरचा ताका काढायला दोघंदोघं धावायला लागले. रिकाम्या गेलेल्या बाया दुपारी आपल्या जावेला घेऊन परत यायला लागल्या, कारण जाताना त्यांच्या पाठीमागं कुणी केविलवाणा चेहरा करून उभं नव्हतं. मी एका बाईला साडी विकली आणि एकही वेडंवाकडं वाक्य बोललो नाही. स्वतःच चकित झालो.

तिसऱ्या दिवशी दुपारी बस्त्याचं मोठं गिऱ्हाईक आलं. औशाकडचे लोक, नवरीची आई, मावशा, आठ-दहा माणसं. दुष्काळातलं लग्न, त्यामुळं एकेका नगावर विचार. बाईंनी दीड तास माल दाखवला. मग नवरीची आई म्हणाली, जरा बाजार बघून येतो. आणि सगळे उठून गेले. काउंटरवर साड्यांचा डोंगर, आम्ही सगळे उभे. बाईंनी घड्या घालायला घेतल्या. आणि तेवढ्यात पायरीवर ते खाकरणं. बाकी सगळ्यांच्या माना दाराकडं वळल्या.

माहुरात पाण्याची बोंब होती म्हणे. धर्मशाळेत अंघोळीला पाणी मिळेना, घरची माणसं वैतागली, म्हणून अप्पा एक दिवस आधीच परतले. हे नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळलं, की दारात अप्पांची चप्पल वाजतेय, समोर न विकलेला ढीग आहे, खिळा रिकामा आहे, आणि फडकं कुणाच्याच खांद्यावर नाही. म्हणजे नियम मोडला. म्हणजे मी मोडला. मी विचार केला असं म्हणणं खोटं होईल. माझ्या हातानं विचार केला. त्यानं ड्रावर ओढलं, जे आधी दोनदा अडकलं होतं ते एका झटक्यात उघडलं, फडकं काढलं आणि जो खांदा सगळ्यात जवळ होता त्याच्यावर टाकलं. तो खांदा बाईंचा होता.

ते टाकताना माझी बोटं त्यांच्या मानेला लागली. त्या घड्या घालत होत्या, पाठमोऱ्या. एकदम थांबल्या. वळून माझ्याकडं पाहिलं नाही. अप्पा आत आले, ढिगाकडं पाहिलं, बाईंच्या खांद्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहून समाधानानं मान हलवली. "चाललंय म्हणजे नीट," म्हणाले. आणि मी... मी हसलो. भीतीनं तोंड वासलं असेल, पण बघणाऱ्याला ते हसणंच दिसलं असणार.

अर्ध्या तासानं औशाचे लोक परत आले. बाजारात त्यांना बाईंनी दाखवल्यासारखं काही मिळालं नव्हतं. नवरीची आई बसता बसता म्हणाली, "अगं बाई, हे काय खांद्यावर?" बाई म्हणाल्या, "माल पुसायचं हाय." आख्खा बस्ता बांधून दिला, नवरीला हळद-कुंकू लावलं, पायरीपर्यंत पोचवून आल्या. मग फडकं काढलं, चार पदरी घडी घातली आणि खिळ्याला न टांगता माझ्या हातात दिलं. म्हणाल्या, "ठिवून दे." एवढंच. दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. मग कळलं, लेकीला घेऊन नांदेडला गेल्या, बहिणीकडं.

कुणी बंड वगैरे केलं नाही. माणसं फक्त जात राहिली, एकेक करून, अगदी आदबीनं. दोन महिन्यांत मी सोडून सगळे नवे होते. अप्पांनी पगारही वाढवून पाहिले. एकदा मला केबिनमध्ये बोलावून खरोखर काकुळतीला येऊन विचारलं, "दिगांबर, पोरं का टिकत नाहीत रे आपल्याकडं?" उत्तर माझ्या जिभेवर होतं. मी म्हणालो, "पाऊस नाही ना, अप्पा." अप्पांना ते पटलं.

मी तिथं आणखी तीन वर्षं काढली. सगळ्यात भित्रा माणूस सगळ्यात जास्त टिकला. मग एके दिवशी अप्पा जेवायला गेलेले असताना एका नव्या सेल्समनचं गिऱ्हाईक गेलं, आणि मला ऐकू आलं, कुणीतरी अगदी हळू आवाजात त्याला म्हणतंय, "फडकं." आवाज अप्पांचा नव्हता. माझा होता. तो माणूस खिळ्याकडं चालायला लागला आणि मला स्वतःची जी भीती वाटली ती अप्पांची कधी वाटली नव्हती. मी चहाला जातो म्हणून निघालो आणि नांदेडच्या एसटीत बसलो.

बाई वजिराबादेत एका दुकानात मोठ्या काउंटरवर आहेत हे ऐकून होतो. समोरच्या हॉटेलात तीन चहा पिऊन मी उन्हात उभा राहिलो. आत जायची हिंमत नाही, परत जायची सोय नाही. शेवटी त्यांनीच पाहिलं. दारात येऊन म्हणाल्या, "दिगांबर, उन्हात कामून उभा राहून राहिलास? आत ये." जणू मी काल रजेवर होतो. त्या दुकानाच्या मालकांनी त्यांना माझ्यासमोरच विचारलं, "कसा आहे माणूस?" मला वाटलं, आता. आता सांगतील. बाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "भित्रा हाय," त्या म्हणाल्या. "पण टिकतो."

तिथं प्रत्येक काउंटरमागं एक स्टूल होतं. नोकरी धरायच्या आधी बाईंनी मालकांकडून एवढंच मागून घेतलं होतं. आणि गिऱ्हाईक रिकामं गेलं, की त्या विकणाऱ्याला म्हणायच्या, "बस घटकाभर. पाणी पी." सगळे एकाच माठातलं प्यायचे. त्या दुकानातून वर्षानुवर्षं कुणी गेलं नाही. गेलं ते लग्न होऊन किंवा सरकारी नोकरी लागून, आणि पेढे घेऊन परत आलं. शेजारचे दुकानदार विचारायला यायचे, तुम्ही देता तरी काय यांना? मालक म्हणायचे, विशेष काही नाही बुवा. आणि त्यांना खरंच वाटायचं की विशेष काही नाही.

फक्त मी एकटा तिथं एकोणीस वर्षं भेदरलेला होतो. "दिगांबर, जरा इकडं ये," असं बाई म्हणाल्या की मला वाटायचं, संपलं. आज काढणार तो विषय. आणि त्यांना शिडी हवी असायची. दर दिवाळीला ठरवायचो, आज माफी मागून टाकू. मागितली नाही. त्या निवृत्त झाल्या, मीही झालो. फेब्रुवारीत त्या दवाखान्यात होत्या तेव्हा सगळं बोलायचं ठरवून, अर्धा किलो द्राक्षं घेऊन गेलो. खाटेजवळ बसलो. सुरुवात कशी करावी या विचारात एकेक द्राक्ष तोंडात टाकत राहिलो. त्या बराच वेळ बघत होत्या. मग क्षीण आवाजात म्हणाल्या, "पेशंट कोण हाय रे?" पुडी रिकामी होती. मी उठलो, उद्या येतो म्हणालो. उद्या गेलो नाही...

बाई गेल्यावर महिन्याभरानं वंदनाकडं गेलो. ती शाळेत शिक्षिका आहे, आता तिचेही केस पिकायला लागलेत. दारात "जयभीम काका" म्हणाली, बसवलं, चहा ठेवला. आईच्या आठवणी निघाल्या. आणि ती हसत म्हणाली, "तुमची ती लातूरची गोष्ट आई लई सांगायची. मालक एकदम आले, तुम्ही रडायच्या घाईला आलते, मग आईनंच म्हणे ड्रावर उघडून फडकं काढलं आन् स्वतःच्या खांद्यावर टाकलं. न्हाई तर तुमची नोकरी गेली असती."

मी कपातल्या चहाकडं पाहत राहिलो. म्हणजे मी सुटलो होतो. पुरता सुटलो होतो. बाईंनी आपल्या लेकीजवळसुद्धा माझं नाव वाचवून ठेवलं होतं, आणि आता ते खोटं ठरवायला कुणी उरलं नव्हतं. फक्त मान हलवायची होती. खरं सांगतो, मान हलायला लागली होती. आयुष्यात इतका कधी घाबरलो नसेन.

"त्यांनी न्हाई टाकलं," मी म्हणालो. "मी टाकलं. त्यांना न विचारता. त्या पाठमोऱ्या होत्या."

वंदनानं कप खाली ठेवला. मी दाराजवळच्या माझ्या चपलांकडं पाहिलं. मग ती म्हणाली, "मला वाटायचंच."

"कामून?"

"ती गोष्ट सांगताना आईचा हात दर टायमाला असा जायचा." आणि वंदनानं उजव्या हाताची बोटं डाव्या खांद्यावरून हलकेच फिरवली. एकदा, दोनदा. काहीतरी झटकावं तशी.

माझ्या डोळ्यांसमोर एकोणीस वर्षं उभी राहिली. कापडाच्या दुकानात सगळेच असं करतात. दिवसभर अंगावर दोरे पडत असतात, कापसाचे पुंजके चिकटतात. बाईही करायच्या. मी मागून जवळ गेलो की करायच्या... एकदा तर मी, शहाणा, म्हणालोही होतो, "बाई, तिथं दोरा न्हाई." त्यांनी माझ्याकडं पाहिलं नव्हतं. म्हणाल्या होत्या, "हाय रे. तुला दिसत न्हाई."

वंदनानं मला माफ केलं का, हे मी विचारलं नाही. तिचं ते काम नाही. दुसरा चहा तिनं विचारला नाही आणि मीही थांबलो नाही.

लग्नसराईत वजिराबादेतले आमचे दुकानवाले अजून मला मदतीला बोलावतात. आता तिथं मुलीच जास्त आहेत. दिवसभर कुणाचा ना कुणाचा हात खांद्यावर जात असतो, आणि दर वेळी माझं लक्ष जातं. मी जवळ जाऊन बघतो. बहुतेक वेळा दोरा असतो. परवा नवीन लागलेल्या एका मुलीचा हात असाच गेला. मी जाऊन पाहिलं. दोरा नव्हता. मी विचारलं, "काय झालं गं? कुणी काही बोललं का तुला?" ती घाबरली. माझ्याकडं बघायला लागली, हा म्हातारा कुणाला जाऊन सांगतो की काय, म्हणून. ते बघणं मी ओळखतो. मग मी तिच्या काउंटरमागचं स्टूल ओढलं आणि त्यावर बसलो, म्हणजे मी तिच्याहून बुटका होईन. आणि पुन्हा विचारलं.